पहिला वेकसर्फ बोर्ड: पैसे कार्बनमध्ये नको, इंचांत घाला

आधी निकाल सांगून टाकते, कारणं सावकाश वाचा. वेकसर्फिंगचा, म्हणजे बोटीमागे उठणाऱ्या लाटेवर उभं राहायचा, घरातला पहिलाच बोर्ड असेल, त्यावर एकाहून जास्त जण उभे राहणार असतील आणि चारशे-साडेचारशे डॉलरच्या वर जायची तयारी नसेल, तर पाच फुटांच्या आसपासचा, रुंद, जाड कडांचा, कॉम्प्रेशन मोल्डेड (साच्यात दाबलेला) सर्फ स्टाइल बोर्ड घ्या; हे दोन्ही शब्द पुढे उलगडते. दुकानातला माणूस महागडा कार्बनचा बोर्ड हातात देऊन "बघा किती हलका आहे" म्हणेल. हलका असतोच. पण पहिल्या उन्हाळ्यात बोर्ड तुम्हाला उचलायचा नसतो, त्याने तुम्हाला उचलायचं असतं.

मी मूळची सांगलीची. कृष्णेत पाठीला डबा बांधून पोहायला शिकले. आता घर लिअँडरला, म्हणजे टेक्ससमध्ये ऑस्टिनच्या उत्तरेला, ट्रॅव्हिस तळ्यापासून (लेक ट्रॅव्हिस) जवळ. आम्ही चार मराठी घरांनी मिळून एक वापरलेली वेकबोट, म्हणजे मागे मोठी लाट उठवणारी बोट, घेतली आहे. तिचा विमा, पेट्रोल आणि "गेल्या वेळी टाकी कोणी भरली" यावरून जे काही चालतं तो वेगळाच विषय. त्या बोटीवर गेल्या काही उन्हाळ्यांत बरेच बोर्ड येऊन गेले: आमचा स्वतःचा, मित्रांकडून उसने आणलेले, दुकानाने दोन दिवस वापरून बघायला दिलेले. त्यावर उभे राहणारे म्हणजे नवरा 190 पौंड, मी 135, लेक 95, शिवाय सुट्टीत भारतातून येणारी पाहुणेमंडळी. स्पर्धेत उतरणाऱ्यांना माझ्या सांगण्यातून काही मिळणार नाही.

ज्यांनी हा प्रकार पाहिलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: बोट ताशी 10-11 मैलांनी चालते, ती मुद्दाम जड केलेली असते, त्यामुळे मागे चांगली गुडघ्याच्या वर, मोठ्या बोटीमागे कंबरेपर्यंत लाट उठते आणि बोट चालू आहे तोवर ती मोडत नाही. दोरी धरून उभं राहायचं, लाटेच्या उतारावर बस्तान बसलं की दोरी बोटीत टाकून द्यायची. पुढे लाटच ढकलते. पाय बोर्डला बांधलेले नसतात, वेग कमी असतो, त्यामुळे पडलं तरी फार लागत नाही. चाळिशीनंतर वेकबोर्डिंग (पाय बोर्डला बांधून बोटीमागे वेगाने ओढलं जायचा खेळ) सोडून लोक इकडे का वळतात ते पहिल्यांदा पडल्यावर लगेच कळतं.

बोर्डाच्या आधीची एक अट आहे आणि तिथे तडजोड नाही. पंखा (प्रोपेलर) बोटीच्या पोटाखाली असलेली इनबोर्ड बोटच हवी. आउटबोर्ड किंवा नेहमीच्या स्टर्नड्राइव्ह बोटीचा पंखा मागच्या टोकाला असतो, आणि वेकसर्फर त्या टोकापासून काही फुटांवरच असतो. बोटीतल्या कोणी कितीही आग्रह केला तरी अशा बोटीमागे उतरू नका. (पुढे तोंड केलेला पंखा असलेली फॉरवर्ड ड्राइव्ह बोट निराळी, ती चालते.) इंजिन चालू असताना मागच्या पायरीवर पाय सोडून बसायची हौसही नको, धुरातला कार्बन मोनॉक्साइड तिथेच रेंगाळतो आणि त्याला वास नसतो.

आता बोर्ड. मोठाच का, हे पाण्यात उतरल्यावर कळतं. उताणं तरंगायचं, गुडघे पोटाशी, बोर्ड समोर आडवा, दोन्ही टाचा त्याच्या कडेवर. दोरी ताठ होते. बोट सरकली की पाण्याचा दाब बोर्डाच्या तळावर येतो, टाचांनी किंचित दाबलं की बोर्ड उभा होऊन तळव्यांना येऊन चिकटतो. इथे हातांनी दोरी ओढून घाईने उभं राहायला गेलं की संपलं. गुडघे वाकलेलेच ठेवायचे आणि बोटीला आपल्याला वर काढू द्यायचं. त्या दोन-तीन सेकंदांत बोर्ड पाण्यावर किती लवकर चढतो यावर सगळं अवलंबून असतं. लांब-रुंद बोर्ड बोटीने पुरता वेग घेण्याआधीच वर येतो. छोटा बोर्ड तोवर पाणी ढकलत राहतो, सगळा ताण खांद्यांवर येतो आणि माणूस दोरी सोडून देतो. नवऱ्याचं हे एका मित्राच्या चार फूट सहा इंची बोर्डवर झालेलं मी बघितलंय. लेक बोटीतून ओरडतेय, "बाबा, गुडघे! गुडघे वाकव!" आणि बाबा पाण्याखाली. त्याच दुपारी तोच माणूस पाच फुटांच्या वरच्या बोर्डवर उभा राहिला. गुडघे तेच होते.

प्रत्येक कंपनी आपल्या बोर्डाबरोबर वजनाचं कोष्टक देते, काही जण बोर्डाचं घनफळ लिटरमध्येही छापतात. कोष्टक बघाच, पण शिकणाऱ्याने त्यातल्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला जाऊ नये. 150 ते 190 पौंड लिहिलंय आणि तुम्ही 188 असाल, तर एक माप पुढचं घ्या. माझा ढोबळ हिशोब असा: 130 पौंडांपर्यंत चार फूट चार इंचांच्या आसपास, 170 पर्यंत चार फूट आठ-दहा इंच, त्यापुढे पाच फूट आणि दोनशेच्या वर गेलात तर सव्वापाच फूट. हे फक्त शिकणाऱ्यांसाठी. दोरी सोडून निवांत फिरता यायला लागलं की यातून चार-सहा इंच कमी करता येतात. घरात एकच बोर्ड असेल तर सगळ्यात जड माणसाचं माप घ्या. हलक्या माणसाला मोठा बोर्ड वळवायला जरा आळशी वाटतो, एवढंच. जड माणसाला छोटा बोर्ड उभंच राहू देत नाही.

दुसरा अर्धा भाग लाटेचा आहे आणि याबद्दल दुकानात कुणी विचारतही नाही. निदान मला तरी "तुमची बोट कुठली, वजन किती भरता" असं एकानेही विचारलं नाही. नवीन मालिबू, मास्टरक्राफ्ट किंवा नॉटिक बोटींत पाण्याच्या टाक्या मोठ्या असतात, शिवाय मागे अशी झडप असते की बटण दाबलं की एका बाजूचा प्रवाह वळून लाट स्वच्छ उभी राहते. तिच्यामागे छोटा बोर्डही पळतो. आमच्या बोटीला झडप-बिडप काही नाही. ज्या बाजूला सर्फ करायचं त्या बाजूच्या पिशव्या पाण्याने भरायच्या, आणि तरी लाट बुटकी वाटली तर जेवलेली मंडळी तिकडे सरकवायची. "काका, तुम्ही डावीकडे या" म्हटलं की आमच्या ग्रुपमधले एक काका हातातला चिवडा न सांडता जागा बदलतात आणि लाट दोन इंचांनी खरंच वाढते. अशा लाटेचा जोर कमी असतो. तिच्यावर टिकायला जास्त तरंगणारा आणि तळाचा बाक कमी असलेला बोर्डच लागतो. नाकापासून शेपटीपर्यंत केळ्यासारखा वाकलेला बोर्ड जोरदार लाटेवर छान वळतो, आमच्यासारख्या लाटेवर तो मागेच पडत राहतो. म्हणजे पुढच्या पायावर वजन टाकून टाकून मांडी भरून येते आणि तरी लाट हातची जातेच.

डावी-उजवीचं एका वाक्यात: डावा पाय पुढे ठेवणारे रेग्युलर, त्यांना बोटीच्या डाव्या बाजूची लाट सोपी, उजवा पाय पुढे ठेवणारे गूफी, त्यांना उजवी. दोन्ही प्रकारची माणसं एका बोटीवर आली की वजनं हलवण्यात अर्धा तास जातो.

आमचा पहिला बोर्ड हायपरलाइटचा ब्रॉडकास्ट. कोष्टकात नवऱ्याच्या वजनाच्या पुढचं माप घेतलं. रुंद आहे, पायाखाली मऊ रबरी थर आहे, त्यामुळे मेण घासायची भानगड नाही. उभं राहणं सोपं, लाटेवर टिकणं सोपं, वळणं मात्र विचार करत करत. मी आजही त्यावरच सुखी आहे. भारतातून आलेले पाहुणे त्यावर उभे राहिलेत, ज्यांनी आयुष्यात पाण्यावरचा दुसरा कुठलाच खेळ केला नव्हता. एक उणीव सांगते: लेकीला तो आता जड जातो. तिला उड्या मारायच्या आहेत, फिरक्या घ्यायच्या आहेत, आणि हा बोर्ड त्यासाठी नाहीच. याच जातीचे बोर्ड लिक्विड फोर्स, रॉनिक्स, कॉनेली वगैरे कंपन्याही काढतात. मॉडेलं आणि रंग दर वर्षी बदलतात, म्हणून नावापेक्षा आकार, जाडी आणि तळाचा बाक बघा.

सर्फ स्टाइल आणि स्किम स्टाइल हा फरक मात्र पैसे मोजण्याआधी नीट समजून घ्या. सर्फ स्टाइल म्हणजे जाड, तरंगणारा, मोठ्या फिन्सचा (फिन्स म्हणजे शेपटीकडे तळाला बसवलेले माशासारखे पर). लाटेत घट्ट धरून राहतो आणि वेग सांभाळतो. स्किम म्हणजे पातळ, चपटा, एक-दोन चिमुकल्या फिन्सचा. त्यावर बोर्डासकट गरकन फिरता येतं, कारण त्याला लाटेत धरून ठेवणारं फारसं काही नसतंच. शिकणारा माणूस स्किमवर उभा राहतो, मागे वळून बोटीतल्यांकडे बघून हसतो आणि त्याच क्षणी बोर्ड त्याच्या खालून निघून जातो. हायब्रिड नावाचे मधले बोर्डही मिळतात. माझं मत विचाराल तर ते दोन्हीकडचं थोडं थोडं घेऊन कुणालाच पुरते खूश करत नाहीत. पण घरात एक तरुण आणि एक चाळिशीचा असेल तर नाइलाज म्हणून चालतात.

आता बांधणी, म्हणजे जिथे पैसा जातो. स्वस्तातला प्रकार कॉम्प्रेशन मोल्डेड: साच्यात गरम करून दाबलेला, जरा जड, पण दणकट. आमच्याकडे हे साधारण अडीचशे ते साडेचारशे डॉलरला मिळतात. त्यावर फोमच्या गाभ्याला फायबरग्लास आणि इपॉक्सी चढवलेले बोर्ड, पाचशेपासून आठ-नऊशेपर्यंत. आणि सगळ्यात वर कार्बन, हजारापासून पुढे. वर जाल तसा बोर्ड हलका, कडक आणि चपळ होत जातो, आणि नाजूकही. हे नाजूकपण शोरूममध्ये दिसत नाही.

आमच्या ग्रुपमधल्या एकाचा इपॉक्सी बोर्ड, कुठल्या कंपनीचा ते जाऊ दे, बोटीच्या मागच्या पायरीच्या कोपऱ्यावर आपटला. आवाज असा झाला की काही झालं असेल असं कुणाला वाटलं नाही. कडेवर नखाएवढी चीर, हाताचं बोट फिरवल्याशिवाय कळत नव्हती. तो तसाच दिवसभर वापरला. संध्याकाळी गाडीत ठेवताना चिरेतून पाणी ठिबकत होतं. गाभा पाणी पितो, बोर्ड जड होतो, आणि मग टेक्ससच्या उन्हात बंद गाडीत ठेवला की वरचा थर फुगून सुटायला लागतो. दुरुस्ती घरी होते: बोर्ड सावलीत, चीर खाली करून, पूर्ण सुकेपर्यंत उभा ठेवायचा, पॉलिश पेपरने घासायचा, उन्हात कडक होणारं रेझिन भरायचं, पुन्हा घासायचा. अवघड नाही. पण रविवारी सकाळी गॅरेजमध्ये हे करायची हौस असेल तरच इपॉक्सी घ्या. आमचा ब्रॉडकास्ट त्याच पायरीवर अनेकदा आपटलाय. खरचटलाय, फुटला नाही. ट्रॅव्हिसच्या काठाचे चुनखडीचे दगड आणि त्यावर चिकटलेले झेब्रा मसल्सचे धारदार शिंपले (2017 पासून ते या तळ्यात आहेत) बघता मला खरचटणारा बोर्ड परवडतो.

कार्बनचा बोर्ड मी वापरून पाहिला, उसना. खोटं कशाला बोलू, वळताना जाणवतो. पुढच्या पायाचा अंगठा दाबला तरी उत्तर देतो. पण ज्याला अजून दोरी सोडायची भीती वाटते त्याला अंगठ्याला उत्तर देणारा बोर्ड नकोच असतो. तो चुकूनच अंगठा दाबत असतो.

फिन्सबद्दल फार डोकं खपवू नका. बोर्डाबरोबर येतात त्या पुरतात. तीन फिन्सची रचना म्हणजे थ्रस्टर. गोव्यात आश्वेला सर्फिंग शिकून आलेल्या माझ्या भाच्याने ती बघून "आत्या, ही तर आपल्याकडचीच" म्हणून लगेच ओळखली. समुद्रातल्या बोर्डांवर ती ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसनने 1980च्या सुमारास आणली आणि मग सगळीकडे पसरली. बोर्ड घट्ट वाटायला लागला, शेपटी थोडी सुटी हवी वाटली की मधली फिन काढून बघा, फुकटचा प्रयोग आहे. फक्त फिन बसते ती खाच नेहमीच्या मापाची, म्हणजे एफसीएस किंवा फ्युचर्स या प्रचलित पद्धतींची, आहे ना ते बघा; नाहीतर एक फिन तुटली की त्याच कंपनीची मिळेपर्यंत बोर्ड भिंतीला टेकून बसतो. भाच्याला लाट लगेच जमली, उभं राहणं मात्र जमेना. समुद्रात पालथं पडून हात मारत लाट पकडायची आणि उडी मारून उभं राहायचं. इथे उताणं पडून दोरीची वाट बघायची. सवय आड येत होती. तो समुद्रावरचा लांब बोर्ड इथे आणू का विचारत होता. मी नको म्हटलं. बोटीच्या इतक्या जवळ सात फुटांचं टोकदार नाक नको.

नाकाचा मुद्दा लहान मुलं असतील तर महत्त्वाचा. पडल्यावर बोर्ड उसळून कुठेही येतो. बोथट नाकाचा घ्या, टोकदार आवडलाच तर वर रबरी टोपी चिकटवा. मुलांसाठी वेगळा चार फुटी बोर्ड लगेच घ्यायची गरज नाही, पण शंभर पौंडांखालचं मूल मोठ्या बोर्डवर कडेला वजन टाकून वळू शकत नाही, ते कंटाळतं. तेव्हा घ्या, आणि वापरलेला घ्या, कारण दोन वर्षांत ते मूल त्यातून बाहेर पडणारच.

वापरलेला बोर्ड मोठ्यांसाठीही चांगला सौदा आहे. फेसबुक मार्केटप्लेसवर निम्म्या किमतीत मिळतात. तळ्याचं पाणी खाली जाऊन बोट उतरवायचे रॅम्प बंद पडले की तर विचारूच नका. ट्रॅव्हिसची भरलेली पातळी समुद्रसपाटीपासून 681 फूट, आणि दुष्काळी वर्षांत ती कितीतरी खाली जाते. तेव्हा बोटीवाले वैतागून सामान काढतात. बघायला गेलात की अंगठ्याने सगळा बोर्ड दाबत जा. कुठे मऊ लागला तर निरोप घ्या. फिन हलवून बघा, खाचेभोवती बारीक भेगा आहेत का पाहा. शेपटी खाली करून दहा मिनिटं उन्हात उभा ठेवा आणि तोवर मालकाशी गप्पा मारा. पाण्याचा ओघळ दिसला तर गप्पा आवरत्या घ्या. कॉम्प्रेशन मोल्डेडला यातलं निम्मं बघावंच लागत नाही. नवाच हवा असेल तर मार्च-एप्रिलमध्ये नका घेऊ. सप्टेंबर उजाडला की चालू वर्षाचे रंग उतरत्या भावात निघतात.

बजेट ठरवताना बोर्डाबाहेरचा खर्च धरा. वेकसर्फची दोरी वेगळी असते, वीस-पंचवीस फुटांची, जाड, धरायला सोपी. वेकबोर्डची लांब पातळ दोरी चालत नाही, आणि दोरी हाताला गुंडाळायची नाही हे पाहुण्यांना उतरण्याआधी बजावून सांगा. लाइफ जॅकेट घेताना आतल्या शिक्क्यावर कोस्ट गार्डची मान्यता वाचा. दिसायला छान, पातळ कॉम्प व्हेस्ट असतात त्यांना ती नसते. शिकणाऱ्याने आणि मुलांनी तरी मान्यतेचंच घालावं. बोर्डाची पिशवी इपॉक्सीला हवीच, आमच्यासारख्याला जुनी सोलापुरी चादर पुरते.

कडेच्या घरांपासून किमान 200 फूट लांब राहा. ही लाट काठावर आदळली की लोकांच्या धक्क्यांना बांधलेल्या बोटी हिसके खातात, आणि मग ते जे बोलतात ते मुलांच्या कानांवर जातं.

आमच्याकडे पुढची खरेदी लेकीची आहे: चार फूट चार इंचांच्या आसपासचा, पातळ कडांचा, बहुतेक स्किम, सप्टेंबरच्या सेलमध्ये आणि सहाशे डॉलरच्या आत. चिरा बुजवायचं काम तिने स्वतः करायचं या अटीवर इपॉक्सी मान्य झालाय. ब्रॉडकास्ट विकणार नाही. पुढच्या उन्हाळ्यात सांगलीहून धाकटे दीर-जाऊ येतायत, दीर दोनशे दहा पौंडांचे आहेत. त्यांच्या मापाचं जॅकेट तेवढं बघायचं राहिलंय.